लांड्सक्नेख्ट : भाल्याचा की भूमीचा?

फ्लॉरेन्सच्या मुख्य चौकात, जुन्या राजवाड्याला लागून, तीन उंच कमानींची एक उघडी ओसरी आहे. १३७६ ते १३८२ या काळात ती बांधली गेली. चेल्लिनीनं घडवलेला पर्सियसचा कांस्यपुतळा तिथेच उभा आहे. या ओसरीचं नाव 'लोज्जा देई लान्झी'. लोज्जा म्हणजे ओसरी, हे ठीक. पण 'लान्झी' म्हणजे कोण? इटालियनमध्ये भाल्याला 'लान्चा' म्हणतात, त्यामुळे इथे भालाईत उभे राहत असतील आणि त्यांच्या भाल्यांवरूनच ओसरीला नाव पडलं असेल, असं कुणालाही वाटेल. भालाईत उभे राहत होते, हे खरं आहे. नाव मात्र भाल्यांवरून पडलेलं नाही.

फ्लॉरेन्सचा ड्यूक पहिला कोसिमो यानं १५४१ मध्ये आपल्या रक्षणासाठी जर्मन शिपायांची एक तुकडी नेमली. जर्मनीत या जातीच्या शिपायाला 'लांड्सक्नेख्ट' म्हणत. हे नाव इटालियन तोंडात बसेना, म्हणून त्याचं 'लान्झिकेनेक्को' झालं. तेही लांबलचक, म्हणून नुसतं 'लान्झो'. अनेक लान्झो म्हणजे 'लान्झी'. भाल्याशी जुळणारा आवाज असा योगायोगानं शिल्लक राहिला. गंमत म्हणजे खुद्द जर्मन लोकांचीही या शब्दाबाबत नेमकी हीच फसगत झाली, आणि ती काही शतकं टिकली. ती का झाली, हे समजून घेण्यासारखं आहे.

आधी हे शिपाई कोण ते थोडक्यात. १४८० च्या दशकापासून पुढची शंभरेक वर्षं युरोपच्या रणांगणांवर गाजलेलं हे भाडोत्री जर्मन पायदळ. हातात पाच मीटरच्या आसपास लांबीचा भाला, कमरेला आखूड तलवार, अंगावर मुद्दाम चिरे पाडून आतलं रंगीत अस्तर बाहेर काढलेले फुगीर कपडे. त्या काळच्या चित्रांत हे लोक लगेच ओळखू येतात.

आता शब्दाकडे वळू. जर्मन भाषा समास करण्यात संस्कृतच्या तोडीची आहे, त्यामुळे आपल्याला शाळेत शिकवलेला विग्रह इथे थेट उपयोगी पडतो. लांड + स + क्नेख्ट. 'लांड' म्हणजे भूमी, देश, मुलूख. 'क्नेख्ट' म्हणजे चाकर. मधला 'स' हा षष्ठीचा प्रत्यय, आपल्या 'चा-ची-चे'च्या जागी येणारा. एकूण अर्थ देशाचा चाकर, मुलखाचा चाकर. म्हणजे हा सरळ षष्ठी तत्पुरुष. फरक इतकाच की 'राजपुत्र' म्हणताना आपण षष्ठीचा प्रत्यय गाळतो आणि इथे तो शाबूत आहे. व्याकरणाच्या पुस्तकात 'वाचस्पती', 'युधिष्ठिर' ही उदाहरणं देऊन जो अलुक तत्पुरुष शिकवतात, त्याच जातीचा हा समास.

हा इवलासा 'स' दुर्लक्ष करण्यासारखा नाही. जर्मनमध्ये 'लांडमान' आणि 'लांड्समान' असे दोन वेगळे शब्द आहेत. मान म्हणजे माणूस. 'स' नसलेला लांडमान म्हणजे शेतकरी, जमिनीत राबणारा. 'स' असलेला लांड्समान म्हणजे आपल्या मुलखातला माणूस, देशबांधव. एका अक्षरानं 'लांड'चा अर्थ शेतजमिनीवरून मायभूमीकडे सरकला. आपला शिपाई या दुसऱ्या पंक्तीत बसतो. पुढे जर्मनमध्ये हा 'स' कित्येक समासांत नुसता सांधा म्हणूनही येऊ लागला, जिथे षष्ठीचा काही संबंध नाही अशा ठिकाणीसुद्धा. पण 'लांड' या शब्दाची षष्ठी खरोखरच 'स'नं होते, त्यामुळे इथला विग्रह पक्का आहे.

मग भाला कुठून शिरला? त्याचं उत्तर उच्चारात आहे. जर्मन लोक अक्षराच्या शेवटी येणारा 'ड' ठसक्यानं 'ट' असा उच्चारतात. म्हणून 'लांड्स' लिहिलं तरी तोंडातून 'लांट्स' बाहेर पडतं. आता भाल्यासाठी जर्मनमध्ये 'लान्त्से' हा शब्द आहे. तो लिहिताना जे अक्षर वापरतात त्याचा उच्चार 'त्स'. मराठी माणसाला हा आवाज शिकवावा लागत नाही. चंद्रातला च नव्हे, चाकातला आणि चुलीतला च, तोच हा. म्हणजे 'लांडचा चाकर' म्हणा किंवा 'लान्त्सेचा चाकर' म्हणा, कानाला दोन्ही शब्द अगदी सारखेच ऐकू येतात. फरक फक्त कागदावर, आणि त्या काळात जर्मन शुद्धलेखनाला कसलाही धरबंध नव्हता. एकच शब्द एकच लेखक दोन ओळींत दोन तऱ्हेनं लिहायचा. त्यात हा माणूस समोर उभा, हातात त्याच्या दुप्पट-तिप्पट उंचीचा भाला. ऐकणाऱ्यानं भाला लिहिला यात त्याला दोष कसा द्यावा?

भाषाशास्त्रात याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. शब्दाचा मूळ धागा विस्मरणात गेला की लोक जवळचा, ओळखीचा, डोळ्यांना दिसणारा अर्थ त्याला चिकटवतात. सोळाव्या शतकातच 'लान्त्सक्नेख्ट' असं लेखन दिसू लागतं, आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत ते अधूनमधून डोकावत राहतं.

पण ही व्युत्पत्ती चूक, हे कशावरून? माझ्या मते तीन गोष्टी निर्णायक आहेत. एक तर हे शिपाई आपल्या हत्याराला 'लान्त्से' म्हणतच नसत. त्यांचा शब्द होता 'श्पीस', त्यातही 'लांगर श्पीस', म्हणजे लांब भाला. 'लान्त्से' हे घोड्यावरच्या सरदाराचं हत्यार, काखेत दाबून धरायचं. पायदळाच्या माणसाचं नाव घोडेस्वाराच्या हत्यारावरून पडावं हे पटत नाही. दुसरं असं की नाव पडतं ते वेगळेपण दाखवायला. आणि लांब भाला हे या लोकांचं वेगळेपण नव्हतंच! तो त्यांनी ज्यांच्याकडून उचलला त्या स्विस लोकांची ती ओळख होती.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण या शब्दाचा जन्मच स्विस लोकांशी असलेल्या स्पर्धेतून झाला आहे. जानेवारी १४७७ मध्ये नान्सीच्या लढाईत बरगंडीचा ड्यूक शार्ल मारला गेला. त्याच्या चकचकीत घोडदळाची वाट लावण्यात भाले घेऊन दाट चौकोनात चालून येणाऱ्या स्विस शेतकरी-गुराख्यांचा मोठा वाटा होता. सरंजामी युरोपला हा धक्काच होता. त्याच वर्षी शार्लची मुलगी मेरी हिच्याशी हाब्सबुर्ग घराण्यातल्या मॅक्सिमिलियनचं लग्न झालं आणि बरगंडीचा वारसा सांभाळायची, फ्रान्सशी लढायची जबाबदारी या अठरा वर्षांच्या पोरावर आली. १४७९ मध्ये गिनेगाटच्या लढाईत त्यानं फ्लेमिश भालाइतांच्या पायदळावर भिस्त ठेवली, स्वतः घोड्यावरून उतरून त्यांच्यात उभा राहिला आणि लढाई जिंकली. राजपुत्रानं पायदळात उभं राहणं ही साधी गोष्ट नव्हती. चिखलात चालणाऱ्या शिपायाला त्यातून पहिल्यांदा प्रतिष्ठा मिळाली.

स्विस शिपाई भाड्यानं मिळत, पण महाग पडत, आणि फ्रान्सचा राजा त्यांना जास्त पैसे देऊ शकत होता. तेव्हा मॅक्सिमिलियनच्या सेनानींनी आपल्याच मुलखातून, श्वाबन, टिरोल, ऱ्हाइनकाठ, नेदरलँड्स इथून माणसं गोळा करून त्यांना स्विस पद्धतीनं तयार करायला घेतलं. १४८६ च्या ऑक्टोबरात झुरिचला स्विस प्रतिनिधींची बैठक भरली, तिच्या नोंदीत एक तक्रार आहे. मॅक्सिमिलियनच्या चाकरीतला एक सरदार म्हणे फुशारकी मारत होता, की मी श्वाबनचे आणि इतर लांड्सक्नेख्ट असे तयार करतो आहे की त्यांतला एकेक जण दोन-दोन स्विसांना भारी पडेल. या अर्थानं हा शब्द वापरल्याच्या अगदी सुरुवातीच्या दाखल्यांपैकी हा एक. त्यातला विरोध नीट पाहा. एका बाजूला स्विस, दुसऱ्या बाजूला श्वाबनचे आणि इतर मुलखांतले लोक. दोघांच्याही हातात भालाच. दोघांनाही 'क्नेख्ट' म्हणत. वेगळी होती ती भूमी. म्हणूनच नाव भूमीवरून पडलं.

तिसरी गोष्ट अगदी साधी. 'लांड' आणि 'क्नेख्ट' यांची जोडी भाषेत अपरिचित नव्हती. सॅक्सनीकडे 'लांडक्नेख्ट' हा कचेरीचा चाकर असे. हुकूम पोचवायचे, गुन्हेगाराला धरून आणायचं, ही त्याची कामं. मुलखाच्या सत्तेची चाकरी करणारा माणूस हा अर्थ हाताशी होताच.

'लांड'चे आणखीही अर्थ लावले गेले आहेत. त्यातला एक असा की स्विस डोंगरातले आणि हे सपाटीवरचे, म्हणून लांड म्हणजे मैदानी मुलूख. ऐकायला छान वाटतं. पण या शिपायांच्या भरतीचा एक मोठा भाग टिरोलमधून येई, आणि टिरोल हा आल्प्सच्या ऐन कुशीतला प्रदेश. तिथल्या माणसाला सपाटीवरचा म्हणणं अवघडच. दुसरा अर्थ, लांड म्हणजे शहराबाहेरचं खेडं. तोही जमत नाही, कारण या पथकांत शहरांतले कारागीर, शिकाऊ पोरं, व्यापाऱ्यांचे धाकटे मुलगे, कर्जबाजारी सरदारपुत्र सगळेच होते.

आता समासाचा दुसरा अर्धा भाग, आणि मला स्वतःला तो जास्त आवडतो. आजच्या जर्मनमध्ये 'क्नेख्ट' म्हणजे शेतावरचा नोकर. पण हजार वर्षांपूर्वी या शब्दात मुलगा, तरणा पोरगा, चाकर, लढवय्या असे सगळे अर्थ एकत्र नांदत होते. मराठीत याला सगळ्यात जवळचा शब्द 'गडी'. शेतावरचा गडी म्हणजे नोकर, खेळगडी म्हणजे सोबती, आणि 'गडी मोठा हिंमतीचा' म्हणताना त्यात नोकरी कुठेच नसते. मध्ययुगीन जर्मनमधला क्नेख्ट असाच होता. लांड्सक्नेख्ट हा शब्द तयार झाला तेव्हा त्याला हीनपणाचा वास नव्हता. सेनापती आपल्या पथकाला हाक मारताना 'लीबे क्नेख्टे', प्रिय गड्यांनो, म्हणत.

याच शब्दाचा सख्खा भाऊ इंग्लंडमध्ये राहतो. जुन्या इंग्रजीत 'क्निह्ट' म्हणजे पोरगा, चाकर. नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर तो घोड्यावरच्या योद्ध्याचा किताब झाला, आणि आज त्याचा उच्चार 'नाइट' असा उरला आहे. त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये सुरुवातीचा 'क' आणि मधला 'ख'सारखा आवाज अजून लिहिले जातात, फक्त उच्चारले जात नाहीत. जर्मनांनी मात्र घोड्यावरच्या सरदाराला 'रिटर', म्हणजे स्वार, हा वेगळा शब्द ठेवला आणि क्नेख्टला पायी चालायला लावलं. एकाच घरातली दोन पोरं. एक राजदरबारात गेलं, दुसरं गोठ्यात राहिलं. उत्तरेकडे हाच शब्द पत्त्यांत सापडतो. स्वीडिश भाषेत 'क्नेक्ट' म्हणजे जुन्या काळचा शिपाई, आणि पत्त्यांतलं राजा-राणीच्या खालचं पान. आपण त्या पानाला गुलाम म्हणतो! इटालियनमध्ये त्या पानाचं नाव 'फान्ते', आणि फान्तेचे अर्थ पोरगा, चाकर, पायदळाचा शिपाई. 'इन्फन्ट्री' हा लष्करी शब्द याच फान्तेच्या घराण्यातला. पोरगा, चाकर आणि शिपाई हे तीन अर्थ युरोपभर असे एकमेकांच्या हातात हात घालून फिरताना दिसतात. युद्धात पायी चालणारा माणूस म्हणजे कुणाचा तरी पोऱ्या, ही सरंजामी समजूत त्यामागे आहे.

उलट दिशेचा प्रवासही झाला आहे. 'मार्शल' हाही मुळात जर्मन समास. 'मराह' म्हणजे घोडा, 'स्काल्क' म्हणजे चाकर. मार्शल म्हणजे अक्षरशः मोतद्दार. घोड्यांची व्यवस्था पाहणारा माणूस राजाच्या जवळ राहतो, हळूहळू घोडदळाची व्यवस्था पाहू लागतो, आणि शेवटी सैन्यातली सर्वोच्च पदवी त्याच्या नावाची होते. १९७३ मध्ये सॅम माणेकशॉ फील्ड मार्शल झाले, त्या पदवीच्या तळाशी हा तबेल्यातला चाकर आहे. क्नेख्टच्या नशिबी ते भाग्य नव्हतं.

लांड्सक्नेख्टची भरती कशी होई ते पाहिलं तर 'देशाचा चाकर' हा अर्थ इतक्या लवकर का विरला हे लक्षात येतं. राजाकडून परवाना मिळालेला सरदार ढोल वाजवत गावोगाव माणसं पाठवी. नाव नोंदवलेले गडी ठरलेल्या दिवशी ठरलेल्या मैदानावर जमत. तिथे दोन परशूभाले जमिनीत रोवून वर आडवा भाला टाकलेला असे. त्या दारातून एकेकानं जायचं. पलीकडे कारकून आणि अनुभवी अधिकारी बसलेले. ते माणूस धडधाकट आहे ना, हत्यार नीट आहे ना, तेच हत्यार आधीच्या कुणाकडून उसनं घेतलेलं नाही ना, हे बघत. हत्यार आणि कपडे शिपायानं स्वतःचे आणायचे. मग पगाराच्या यादीत नाव. साध्या भालाइताला महिन्याला चार गुल्डन, आणि पुढच्या रांगांत धोका पत्करणाऱ्या किंवा दोन्ही हातांनी पेलायची मोठी तलवार चालवणाऱ्या कसलेल्या माणसाला दुप्पट. त्याचं नावच 'डॉपेलझोल्डनर', दुप्पट पगारी. शेवटी सगळ्यांना गोल उभं करून नियमांचं पत्र वाचून दाखवत आणि त्यावर शपथ घेतली जाई.

या सगळ्या सोपस्कारात देश कुठे येतो? शपथ होती ती सेनापतीच्या आणि नियमपत्राच्या नावानं, आणि तिचं आयुष्य पगार मिळेल तितकंच. मॅक्सिमिलियनला आपल्या मुलखाचं पायदळ हवं होतं. झालं ते असं की त्याच्या मुलखात तयार झालेलं हे कसब बाजारात आलं आणि ज्याच्याकडे पैसा तो ते विकत घेऊ लागला.

२४ फेब्रुवारी १५२५ च्या पावियाच्या लढाईत हे फार भेसूरपणे समोर आलं. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याच्या बाजूनं 'काळी टोळी' म्हणून प्रसिद्ध असलेलं लांड्सक्नेख्टांचं पथक लढत होतं. समोर सम्राट पाचवा कार्ल, म्हणजे मॅक्सिमिलियनचा नातू, याच्या सैन्यात गेओर्ग फॉन फ्रुंड्सबेर्गचे लांड्सक्नेख्ट. भाषा एक, कपडे एक, कसब एक. सम्राटाच्या लांड्सक्नेख्टांच्या लेखी हे दुसरे लोक देशद्रोही होते. त्यांनी काळ्या टोळीला दया दाखवली नाही. ती जवळजवळ पुरती कापली गेली. फ्रेंच राजा कैद झाला. त्या दिवशी 'लांड' या शब्दाचा अर्थ काही लोकांच्या मनात अजून शिल्लक होता, इतकं तरी यावरून दिसतं.

दोन वर्षांनी तोही उरला नाही. मार्च १५२७ मध्ये बोलोन्याजवळच्या छावणीत महिनोन्महिने पगार न मिळालेले शिपाई बिथरले. फ्रुंड्सबेर्ग हा त्यांचा लाडका सेनापती, स्वतःची मालमत्ता गहाण टाकून त्यानं हे सैन्य उभं केलं होतं. तो त्यांना समजवायला गेला, तर त्यांनी भाले त्याच्यावरच रोखले आणि 'पैसे, पैसे' असा ओरडा केला. त्याला तिथेच पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या वर्षी तो मिंडेलहाइमला आपल्या घरी वारला. फ्रुंड्सबेर्गवाचून पुढे गेलेल्या या सैन्यानं स्पॅनिश आणि इटालियन पथकांसह ६ मे १५२७ रोजी रोम शहर फोडलं आणि लुटलं. इटालियन भाषेत लान्झिकेनेक्को हा शब्द ऐकून अजूनही अंगावर काटा का येतो, ते यामुळे. त्यात भर पडली १६२९ मध्ये, जेव्हा मांतुआच्या युद्धासाठी उत्तरेतून उतरलेलं शाही सैन्य लोंबार्दीतून गेलं आणि त्याच्याबरोबर प्लेग आला. वास्तविक तोवर जुने लांड्सक्नेख्ट केव्हाच संपले होते, पण इटालियन लोकांनी त्या सैन्यालाही तेच नाव दिलं.

माझं म्हणणं असं की लोकव्युत्पत्ती नुसत्या आवाजाच्या साधर्म्यावर तगून राहत नाही. 'लांट्स' हा आवाज पहिल्या दिवसापासून संदिग्धच होता. तरी १४८६ मध्ये ऐकणाऱ्याला त्यातली भूमी लगेच कळत होती, कारण स्विस आणि श्वाबन हे भांडण त्याच्या डोळ्यांसमोर चालू होतं. चाळीस वर्षांत तो संदर्भ पुसला गेला. शिपाई कुणाच्याही देशाचा चाकर राहिला नाही, आणि समोर दिसत होता तो फक्त भाला. शब्दातली रिकामी झालेली जागा भाल्यानं घेतली. फ्रेंचांनी 'लान्सकने' असं रूप केलं, त्यात तर 'लान्स' म्हणजे भाला स्पष्टच ऐकू येतो. हे शिपाई छावणीत खेळत त्या पत्त्यांच्या जुगारालाही फ्रान्समध्ये हेच नाव पडलं, आणि शिपाई गेल्यानंतरही तो खेळ कितीतरी वर्षं तिथे रंगत होता.

जुने जर्मन कागद चाळणाऱ्याला ही दोन्ही रूपं, आणि त्यांची डझनभर वेडीवाकडी भावंडं, आजही शोधावी लागतात. फक्त भूमीवालं रूप शोधलं तर अर्धे उल्लेख निसटतात. आजच्या शब्दकोशांनी भूमीचा पक्ष मान्य केला आहे आणि लेखनही तसंच ठरवलं आहे.

खुद्द शिपायाचं नाव मात्र सोळावं शतक सरता सरता मागे पडत गेलं. बंदुका वाढल्या, लांब भाल्यांचे चौकोन विरळ होत गेले, आणि इटलीतल्या युद्धांतून जर्मनमध्ये नवा शब्द आला, 'झोल्डाट'. तो इटालियन 'सोल्दातो'वरून, आणि सोल्दातो हा 'सोल्दो' म्हणजे पगार यावरून, ज्याच्या मुळाशी 'सोलिडस' हे रोमन सोन्याचं नाणं आहे. झोल्डाट म्हणजे ज्याला पगार दिला आहे तो. जर्मन सैन्यात आजही शिपायाला हाच शब्द आहे.